फाट्यावर अपघात का होतात? गतिरोधक मागण्याआधी हे समजून घ्या

परभणी : फाट्यावर अपघात झाला की आपल्याकडं ठरलेली वाक्यं ऐकू येतात. कुणी म्हणतं, "पोरानं बघितलंच नाही." कुणी म्हणतं, "ती जागाच खराब आहे, तिथं दरवर्षी एक जातोच." मग रास्ता रोको होतो, तहसीलला निवेदन जातं, गतिरोधकाची मागणी होते. पंधरा दिवसांत सगळं शांत.

जागा खराब असते, हे खरं आहे. पण ती का खराब आहे हे मोजता येतं आणि बरंचसं थोड्या खर्चात दुरुस्तही करता येतं. ते कसं, आणि त्यासाठी कुणाकडं काय मागायचं, हे सांगायला हा लेख.

2022 साली देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली. त्यातले दोन तृतीयांश मृत्यू ग्रामीण भागातले होते. एकट्या महाराष्ट्राचा आकडा 15 हजारांच्या वर होता.

अकरा सेकंदांचा हिशोब

आपल्या जिल्ह्यातून कल्याण-निर्मल महामार्ग पाथरी, मानवत, परभणी करत वसमत-नांदेडकडं जातो. दुसरा मोठा रस्ता जिंतूरहून परभणीमार्गे गंगाखेडला. या दोन्ही रस्त्यांना दर दोन-चार किलोमीटरवर गावाचा रस्ता येऊन मिळतो. झिरो फाटा, कोल्हा पाटी, पोखर्णी फाटा ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, पण ज्यांना नावही नाही असे फाटे कितीतरी आहेत. मोठे रस्ते रुंद आणि गुळगुळीत झाले, गाड्यांचा वेग वाढला. गावचा रस्ता मात्र जिथं होता तिथंच येऊन मिळतो.

आता उसाचा ट्रॅक्टर धरा. पुढं ट्रॅक्टर, मागं भरलेल्या दोन ट्रॉल्या, सगळी लांबी साधारण 15 मीटर. रस्ता 10 मीटरचा. म्हणजे पूर्ण पार व्हायला 25 मीटर जावं लागतं. भरलेला ट्रॅक्टर चढावर ताशी 8 किलोमीटरनं निघतो. हिशोब केला तर अकरा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी 80 च्या वेगानं येणारी कार जवळजवळ 245 मीटर पुढं येते. ट्रॅक्टरवाल्याला दोन्ही बाजूंनी निदान अडीचशे मीटर दिसलं पाहिजे, नाहीतर तो अंदाजानंच गाडी घालतो.

कारवाल्याचा हिशोबही बघा. भारतीय रस्ते मानकांप्रमाणं 80 च्या वेगात समोरची अडचण दिसून गाडी थांबायला 120 मीटर लागतात, 100 च्या वेगात 180 मीटर. रात्री खाली केलेल्या हेडलाईटचा उजेड फार तर 50-60 मीटर पडतो. ट्रॉलीच्या बाजूला रिफ्लेक्टर नसेल तर आडवी ट्रॉली दिसेपर्यंत वेळ गेलेली असते.

त्यात फाट्यावरची धडक बहुतेक वेळा बाजूने बसते. समोरून बसली तर मधे बोनट असतं, इंजिन असतं. बाजूने बसली तर फक्त दाराचा पत्रा. 3 जून 2014 ला दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला चौकात बाजूनेच दुसऱ्या गाडीची धडक बसली आणि त्यात ते गेले. राजधानीतल्या चौकात कारमधल्या माणसाचं असं होतं, तर मोटारसायकलवर तिघं बसलेल्या आपल्या पोरांचं काय होणार?

कोपरा कुणी झाकला?

हे लिहिताना आधी स्वतःकडं बघावं लागतं. माझंही शेत एका फाट्याला लागून आहे. कित्येक वर्षं मी रस्त्याच्या कडेपर्यंत तूर आणि कधी ऊस घ्यायचो. एकदा संध्याकाळी त्याच कोपऱ्यावरून ट्रॅक्टर रस्त्यावर घातला आणि हायवा इतक्या जवळून गेला की ट्रॉलीवर बसलेल्या बायका ओरडल्या. मला हायवा दिसला नव्हता आणि त्यालाही मी दिसलो नव्हतो. मधे माझाच ऊस उभा होता. आता त्या कोपऱ्यात मी सोयाबीन, हरभरा असं बुटकं पीक घेतो. नुकसान म्हणाल तर दोन-चार ओळींचं.

कोपरा झाकणाऱ्या गोष्टी सगळीकडं त्याच आहेत. वेडी बाभूळ, उंच पीक, टपरी, वाढदिवसाचे बॅनर, आणि फाट्यावरच थांबलेल्या ऑटो अन् जीप. यातल्या बऱ्याच आपण लावलेल्या आहेत, त्यामुळं आपणच काढू शकतो.

दोन गोष्टी खास आपल्या काळ्या जमिनीच्या आहेत. काळ्या मातीत रस्ता उंच भरावावर बांधतात, म्हणून गावचा रस्ता शेवटी एकदम चढतो. मोटारसायकलवाला चढ चढायला रेस करतो आणि त्याच जोरात मोठ्या रस्त्यावर येतो. दुसरं म्हणजे पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकाला लागलेला चिखल महामार्गावर पडतो, डांबरावर किंवा सिमेंटवर त्याचा निसरडा थर होतो आणि ब्रेक मारला की गाडी घसरते.

मग काय करायचं?

गावकऱ्यांची पहिली मागणी असते मोठ्या रस्त्यावर गतिरोधक. पण वेगानं येणाऱ्याला तो ऐनवेळी दिसला तर तिथंच नवा अपघात होतो. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक टाकू नयेत, असंच केंद्राचं धोरण आहे. गतिरोधकाची खरी जागा गावच्या रस्त्यावर, फाट्याच्या थोडं अलीकडं आहे. तोही मानकाप्रमाणं 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच, वर पांढरा पट्टा आणि आधी फलक असा. कुणी रातोरात मुरूम-सिमेंट टाकून केलेला उंचवटा नको.

मागायच्या गोष्टी अशा :

1. फाट्याच्या चारही कोपऱ्यांतली झुडपं, बॅनर, टपऱ्या हटवणं.

2. मोठ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना फाट्याचा फलक, आणि गाडी थडथडते त्या जाड पांढऱ्या पट्ट्या.

3. गावच्या रस्त्यावर थांबा फलक, थांबण्याची रेघ, आणि रस्त्याला मिळण्याआधी काही मीटर सपाट जागा, म्हणजे ट्रॅक्टर चढावर अडकणार नाही.

4. गावचा रस्ता तिरका येत असेल तर शेवटचा तुकडा काटकोनात वळवणं. तिरक्या फाट्यावर मान पूर्ण मागं वळवल्याशिवाय येणारी गाडी दिसत नाही.

5. फाट्यावर दिवा, रस्त्यात चमकणारे खुंट आणि पिवळा ब्लिंकर.

6. एसटीचा थांबा फाट्याच्या तोंडावर नको, थोडा पुढं. उभी एसटी कोपरा झाकते, आणि उतरलेला माणूस तिच्या पुढून पळतो.

7. चार रस्ते एकत्र येत असतील आणि जागा असेल तर गोल चौक. त्यात प्रत्येकाला वेग कमी करावाच लागतो आणि धडक बसली तरी आडवी बसत नाही.

पहिली तीन कामं कमी खर्चाची आहेत. भुयारी मार्ग किंवा उड्डाणपूल मंजूर व्हायची वाट बघत ती अडवून ठेवायची गरज नाही.

मिटवलेला अपघात मोजला जात नाही

ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. राष्ट्रीय महामार्गावर साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे 5 अपघात झाले, किंवा 10 मृत्यू झाले, तर ती जागा ब्लॅक स्पॉट, म्हणजे अपघातप्रवण ठिकाण धरली जाते. ही मोजणी पोलिसांच्या नोंदीवरून होते.

आपल्याकडं काय होतं? पाय मोडला, गाडी मोडली, चार माणसं बसली, पैशावर मिटलं. ठाण्यात नोंद नाही. गावाला माहीत असतं की इथं आठ अपघात झाले, कागदावर दिसतात दोन. मग अधिकारी म्हणतात, ही जागा यादीत बसत नाही. ते खोटं बोलत नसतात, त्यांच्या कागदावर तेवढंच असतं.

नोंद नसली की घरच्यांचंही नुकसान होतं. पळून गेलेल्या अनोळखी वाहनानं मारलं तर मृत्यूला 2 लाख आणि गंभीर जखमीला 50 हजार रुपये भरपाईची तरतूद आहे. गोपीनाथ मुंडे यांच्याच नावानं असलेल्या शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला 2 लाख मिळतात. दोन्हीकडं पोलिसांचे कागद लागतात. म्हणून नोंद करताना जागा नीट सांगा. "फाट्याजवळ" एवढं न सांगता रस्त्याकडेच्या दगडावरचा किलोमीटर सांगा.

अर्ज कुणाकडं?

आधी रस्ता कुणाचा ते काढा. महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद किंवा ग्रामसडक योजना, यापैकी कुणाचाही असू शकतो. फाट्यावर दोन रस्ते दोन खात्यांचे असतात आणि एक दुसऱ्याकडं बोट दाखवतो. म्हणून अर्ज दोघांनाही द्या, आणि एक प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. या समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि पोलीस, बांधकाम, परिवहन ही खाती एकाच टेबलावर बसतात.

अर्जासोबत ग्रामसभेचा ठराव, अपघातांची तारखेसह यादी, दिवसाचे आणि रात्रीचे फोटो जोडा. उत्तर आलं नाही तर 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा, 30 दिवसांत माहिती द्यावी लागते. रस्त्याच्या सदोष रचनेमुळं किंवा निगा न राखल्यामुळं मृत्यू झाला तर जबाबदार यंत्रणेला 1 लाखापर्यंत दंडाची तरतूद मोटार वाहन कायद्यातल्या कलम 198-अ मध्ये आहे. अर्जात या कलमाचा उल्लेख जरूर करा.

कागद फिरेपर्यंत गावानं करायचं काम वेगळं आहे. कोपरा मोकळा ठेवायचा, ट्रॉलीच्या मागं आणि दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टर लावायचे, रात्री ट्रॅक्टर पार करताना एकानं खाली उतरून बॅटरी दाखवायची. कुणी जखमी दिसला तर 108 ला फोन करा. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून कायद्यात संरक्षण आहे, घाबरून पुढं निघून जाऊ नका.

गाळप सुरू झालं की रात्रभर ट्रॉल्या चालतात. त्याआधी एकदा आपल्या फाट्यावर जाऊन ट्रॅक्टरच्या सीटवर बसा आणि दोन्हीकडं बघा. अडीचशे मीटर दिसतंय का? दिसत नसेल तर कामाला तिथूनच सुरुवात करा.