ठेक्याचा सातबारा

पोळा फुटला की आंजीत साउंडवाल्यांचा हंगाम सुरू होतो. गणपती, मग शारदा-दुर्गा, मग लग्नसराई, एप्रिलात भीमजयंती. ट्रॉलीवर बॉक्स चढतात, धुमाल पार्टीचा ऑक्टापॅड घुमू लागतो आणि वर्धा-आर्वी रस्त्यावरची एसटी मिरवणुकीमागे निमूट उभी राहते. या गाण्यांत थोड्या थोड्या वेळाने एक घोगरा आवाज येतो : डीजे अमुक, वर्धा. मिक्स बनवणाऱ्या पोट्ट्याने तो मुद्दाम घातलेला असतो. कारण फाइल एकदा व्हॉट्सॲपवर सुटली की ती कोणाची, हे सांगायला दुसरं काहीच उरत नाही.

पुष्कळांना तो आवाज उगाच मध्ये आल्यासारखा वाटतो. मला त्यात एक रास्त मागणी ऐकू येते. याच मागणीतून जगात कलाकारांनी स्वतःची रेकॉर्ड लेबलं काढली आणि इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास बऱ्याच अंशी त्या लेबलांनी घडवला. त्यातला एक मोठा अध्याय तर आपल्या शेजारी, गोव्यात सुरू झाला.

लेबलचं काम वरवर साधं असतं. गाणं निवडायचं, छापायचं किंवा अपलोड करायचं, लोकांपर्यंत न्यायचं, पैसे गोळा करून वाटायचे. पण खरा प्रश्न मास्टरचा, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचा. मास्टर ज्याच्या नावावर, त्याच्या हाती प्रती काढण्याचा, विकण्याचा, सिनेमाला वा जाहिरातीला देण्याचा हक्क. शेतात राबणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, ही गोष्ट विदर्भाला समजावून सांगावी लागत नाही. संगीतात ती ग्रामोफोनच्या काळापासून चालत आली आहे.

आता गोव्याकडे वळू. हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यावर सत्तरच्या दशकापासून परदेशी हिप्पी पौर्णिमेच्या रात्री नाचत. आधी रॉक वाजे. ऐंशीच्या दशकात लोराँ आणि फ्रेड डिस्को या डीजेंनी तिथे यंत्रांचं संगीत आणलं. कॅलिफोर्नियातून आलेला गोवा गिल पुढे या किनाऱ्याचा सर्वांत प्रसिद्ध डीजे ठरला. त्याचं २०२३ साली निधन झालं. नाचणाऱ्यांच्या कडेला गावातल्या बाया चटया अंथरून, कंदील लावून चहा विकत.

युरोपातले डीजे तेव्हा विनाइलच्या तबकड्या वाजवत. गोव्याच्या उन्हात तबकडी वाकते, म्हणून इथे कॅसेट चालली आणि १९८७ साली सोनीने डॅट आणल्यावर डॅट. डॅट ही डिजिटल टेप. तिचा आवाज स्वच्छ, पण तबकडीसारखा तिचा वेग बोटाने कमी-जास्त करता येत नाही. त्यामुळे दोन गाण्यांचे ठेके एकमेकांवर बसवणं अवघड. यावर संगीतकारांनीच उपाय काढला : गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी ठेका नसलेला, तरंगणारा लांब भाग ठेवायचा, म्हणजे एक गाणं दुसऱ्यात विरघळतं. गोवा ट्रान्सची ती संथ सुरुवात पुढे जगभर शैली म्हणून गाजली. तिच्यामागे आपल्या किनाऱ्यावरचं ऊन आणि टेपची मर्यादा आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

ही गाणी दुकानात मिळत नसत. संगीतकार हिवाळ्यात डॅट घेऊन येई, डीजेला प्रत देई, बदल्यात दुसरी घेई. ओळखीवर आणि विश्वासावर चाललेला तो व्यवहार होता. पण नाचणाऱ्याला घरी गेल्यावर ते गाणं विकत घ्यायचं असेल तर सोय नव्हती आणि बनवणाऱ्याच्या हाती त्यातून दमडी पडत नव्हती.

मोठ्या कंपन्यांना या संगीतात रस नव्हता. म्हणून वाजवणारेच पुढे झाले. किलिंग जोक या ब्रिटिश बँडचा बास गिटारवादक मार्टिन ग्लोव्हर, ज्याला सगळे यूथ म्हणतात, त्याने लंडनमध्ये ड्रॅगनफ्लाय रेकॉर्ड्स काढलं आणि १९९३ च्या सुमारास त्यावर गोव्याच्या धाटणीचं संगीत येऊ लागलं. १९९४ साली राजा राम, ग्रॅहम वुड आणि इयन सेंट पॉल यांनी टिप रेकॉर्ड्स स्थापन केलं. राजा राम हे मूळचे मेलबर्नचे बासरीवादक, क्विंटेसन्स या जुन्या बँडमधले. टिप हे नाव त्यांच्याच ‘द इन्फिनिटी प्रोजेक्ट’ या जोडीच्या आद्याक्षरांचं. ड्रॅगनफ्लायवर गाजलेला सायमन पॉसफर्ड १९९६ साली ट्विस्टेड रेकॉर्ड्स काढून स्वतः लेबलवाला झाला. मग त्याने आणि राजा राम यांनी मिळून केलेला शपाँगलचा पहिला अल्बम १९९८ साली त्याच लेबलवर आला. त्याआधी डिसेंबर १९९४ मध्ये पॉल ओकनफोल्डने बीबीसी रेडिओ १ वर ‘गोवा मिक्स’ वाजवला आणि किनाऱ्यावरचा आवाज ब्रिटनच्या घराघरात पोचला.

या लेबलांबद्दल मला आदर आहे. त्यांनी हातोहात फिरणारं संगीत टिकवलं, बनवणाऱ्यांची नावं छापली. तरी एक गोष्ट खुपते. किनारा आपला, नाव गोव्याचं, पण त्या पिढीची गाजलेली लेबलं लंडनची. गोव्याला गर्दी मिळाली. मास्टर एकाही चहावालीच्या मुलाच्या नावावर चढला नाही.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटची गोष्ट याच्या उलट, म्हणून आपल्या जास्त कामाची. मोटारींचे कारखाने बंद पडत चाललेल्या त्या शहरात तीन कृष्णवर्णीय शाळासोबत्यांनी टेक्नो घडवलं आणि तिघांनी आपापली लेबलंही काढली : वान ॲटकिन्सचं मेट्रोप्लेक्स १९८५ साली, डेरिक मेचं ट्रान्समॅट त्याच्या पुढच्या वर्षी, केव्हिन सॉन्डर्सनचं केएमएस १९८७ साली. शेजारच्या शिकागोत ट्रॅक्स या लेबलवर हाउस संगीत गाजत होतं, पण पैसे मिळाले नाहीत अशी तिथल्या कलाकारांची तक्रार दशकानुदशकं राहिली आणि शेवटी ती कोर्टातही गेली.

डेट्रॉइटमध्येच माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी अंडरग्राउंड रेझिस्टन्स उभारलं. १९९९ साली या लेबलवर डीजे रोलँडोची एक धून गाजली. सोनीच्या जर्मन शाखेने परवानगीशिवाय तिची हुबेहूब नक्कल काढायला घेतली. जगभरच्या चाहत्यांनी निषेधाचा एवढा भडिमार केला की सोनीने माघार घेतली. नंतर बीएमजीने ती नक्कल बाजारात आणली खरी, पण मूळ धून कोणाची, याबद्दल कोणाच्या मनात शंका राहिली नाही. आपलं लेबल असलं की भांडायला पाय रोवून उभं राहता येतं.

महाराष्ट्राच्या खात्यावर दोन नोंदी ठळक आहेत. पहिली चरणजित सिंग यांची. मुंबईच्या सिनेसंगीतातल्या या वादकाने १९८२ साली रोलँडची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रं जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने तबकडी काढली. ती फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली. त्याच टीबी-३०३ वर शिकागोत ‘ॲसिड ट्रॅक्स’ हे गाजलेलं हाउस गाणं आलं ते १९८७ साली, म्हणजे पाच वर्षांनी. एदो बाउमन या डच संग्राहकाला चरणजितांची तबकडी दिल्लीत सापडली आणि त्याच्या बॉम्बे कनेक्शन या छोट्या लेबलने २०१० साली ती पुन्हा काढली, तेव्हा जग थक्क झालं. उतारवयात त्यांना युरोपातून बोलावणी आली. २०१५ साली ते गेले. मधली जवळजवळ तीस वर्षं वाया गेली, कारण त्या तबकडीवर प्रेम करणारं माणूस लेबलच्या खुर्चीत नव्हतं.

दुसरी नोंद ताजी आहे. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ २०२४ साली स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलवर आलं. मराठी हाउस संगीत जगाच्या नाचघरांत पोचलं, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण स्पिनिन २०१७ पासून वॉर्नरच्या मालकीचं आहे. पुढचं पाऊल मराठी कलाकारांच्या बळकट लेबलांचं हवं.

ते आंजीतून पडू शकतं का? यंत्रांची अडचण आता उरलेली नाही. लॅपटॉप आणि हेडफोनवर काम भागतं. अडचण कच्च्या मालाची आहे. आपल्या पोट्ट्यांचे बहुतेक मिक्स दुसऱ्याच्या गाण्यावर उभे असतात आणि मूळ आवाज उचलला की परवानगीवाचून त्यावर हक्क सांगता येत नाही. धुमालचा ठेका, राष्ट्रसंतांच्या भजनपरंपरेतली खंजिरी, बैलांच्या घुंगरमाळा, जिनिंगमधली यंत्रं : हे आवाज आपण स्वतः रेकॉर्ड करू शकतो. त्यावर रचलेली धून पूर्णपणे आपली.

कायदाही समजून घ्यावा. ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा तो निर्माता आणि हक्क त्याचा. प्रसिद्धीनंतर तो ६० वर्षं टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा राखला आहे की तो कंपनीला लिहून देता येत नाही. गाण्याला आयएसआरसी हा बारा चिन्हांचा क्रमांक असतो, त्यावरून त्याची जगभर नोंद राहते. बँडकॅम्पसारखं विक्रीचं ठिकाण डिजिटल विक्रीतून साधारण १५ टक्के आणि व्यवहाराचा खर्च कापून बाकी कलाकाराला देतं.

डीजेवाल्या भावांनो, यंदा दिवाळीच्या सुट्टीत तिघे-चौघे एकत्र बसा. एक नाव ठरवा. ठेका कोणाचा, आवाज कोणाचा, पैशात कोणाचा किती वाटा, हे कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा आणि मूळ प्रोजेक्टची फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा. गाणं व्हॉट्सॲपवर सोडायचं ते त्यानंतरच.