साखरेबरोबर मनाचीही तपासणी

मधुमेही माणसाचे मन खचले की पथ्य सुटते, गोळ्या चुकतात, चालणे थांबते आणि साखर चढते. म्हणून साखर तपासतो तशी मनाचीही चौकशी व्हायला हवी. ‘आजारपणात उदास वाटणारच, त्याला उपचार कसले?’ हा आक्षेप पुराव्यापुढे टिकत नाही. दिल्ली, चेन्नई, बंगळुरू आणि विशाखापट्टणममध्ये मधुमेह व नैराश्य दोन्ही असलेल्या ४०४ रुग्णांवरचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. काहींच्या उपचारांना समन्वयकाच्या नियमित पाठपुराव्याची जोड दिली होती. दोन वर्षांनी नैराश्य निम्म्यावर येऊन शिवाय साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलही सुधारलेले रुग्ण त्या गटात ७१.६ टक्के निघाले. नेहमीच्या उपचारांत ५७.४ टक्के. हा फरक चमत्कार नव्हे, पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

मग पलूससारख्या तालुक्यात एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? गोव्याने याचे उत्तर दिले आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ संस्थेच्या, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत तीव्र नैराश्यही कमी केले. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला. गुंतागुंतीचे रुग्ण अर्थात तज्ज्ञांकडेच जावेत. पण मधुमेहाच्या तपासणीत उदासीविषयी दोन प्रश्न विचारायला कोणत्याही केंद्राला आजपासून हरकत नाही. रुग्णांनी आणि घरच्यांनीही ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक लिहून ठेवावा, तिथे मराठीत बोलता येते.