घर बांधण्यापूर्वीं : खर्चाचा खरा अंदाज

‘घर पहावें बांधून’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं अनुभवानें केली, आणि तिच्यांतला इशारा मुख्यतः खर्चाविषयींच आहे. अर्ध्यावर थांबलेलीं घरें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. जोतें झालेलें असतें, स्लॅबहि पडलेला असतो; पण गिलाव्यावांचून भिंती दोन दोन पावसाळे भिजत राहतात, आणि कुटुंब भाड्याच्या जागेंत राहून कर्जाचे हप्ते भरीत असतें. अशा मालकाची मिळकत कमी असतेच असें नाहीं. बहुधा त्याचा पहिला आंकडाच चुकलेला असतो. तो कां चुकतो व कसा सुधारावा, हें जालना जिल्हा डोळ्यांपुढें ठेवून आज पहावयाचें आहे.

चुकीचें पहिलें कारण म्हणजे चौरस फुटाचा दर. ठेकेदार दर सांगतो, आपण त्यास क्षेत्रफळानें गुणतों आणि आलेल्या आंकड्यास घराची किंमत समजतों. परंतु नकाशाची मंजुरी, वास्तुशिल्पज्ञाचें मानधन, विंधनविहीर, जमिनीखालची टाकी, शौचाची टाकी, वीजजोडणी, कुंपणाची भिंत आणि फाटक हीं त्या दरांत सहसा नसतात. जालना नगरपालिकेची २०२३ सालीं महानगरपालिका झाली. शहरांत बांधणारानें मंजुरीचें शुल्क तेथेंच विचारून घ्यावें, शेजाऱ्याच्या जुन्या पावतीवर विसंबूं नये. दरांत काय आहे व काय नाहीं, आणि जिना व सज्जा कसे मोजावयाचे, हें कागदावर लिहून घेतल्याखेरीज बयाणा देऊं नये.

दुसरें कारण आपल्या पायांखालीं आहे. मराठवाड्याची काळी माती कपाशीला उपकारक खरी, पण घराला ती बेभरंवशाची. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते, आणि तिच्यावर टेकलेला पाया तिच्याबरोबर हलूं लागतो. म्हणून पाया मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेणें हा उत्तम मार्ग. तो थर कोठें चार फुटांवर लागतो, कोठें बाराव्या फुटावरहि लागत नाहीं. जेथें माती फार खोल आहे तेथें तळाशीं फुगीर केलेले खांब जमिनींत उतरवितात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें ही रीत आपल्याकडे रूढ केली. यांतील कोणता उपाय लागेल हें प्लॉटवर परीक्षेचा खड्डा घेतल्यावांचून कळत नाहीं. त्या खड्ड्याचा खर्च थोडा असतो. पण त्यावांचून केलेला पायाचा अंदाज हा निव्वळ तर्क होय.

तिसरी गोष्ट पाण्याची. २०१२-१३ च्या दुष्काळाची जालनेकरांना आठवण द्यावयास नको. काँक्रीटला साध्या सिमेंटचें असल्यास निदान सात दिवस, आणि राख मिसळलेल्या सिमेंटचें असल्यास निदान दहा दिवस ओलें ठेवावें लागतें. चैत्र-वैशाखांत स्लॅब आला तर तें पाणी टँकरनें विकत घ्यावें लागतें. म्हणून तोहि खर्च अंदाजांत हवा. पायाचें खोदकाम पाऊस सरल्यावर काढणें सर्व दृष्टींनीं सोयीचें.

सामानाविषयीं एकच सूचना. जालना हें लोखंडी सळयांच्या कारखान्यांचें गांव. त्यामुळें वाहतुकीचा खर्च वांचतो. तथापि सळई वजनावर विकली जाते, म्हणून वजन पहावें. १२ मिलिमीटर जाडीची, १२ मीटर लांबीची सळई सुमारें १० किलो ६६० ग्रॅम भरते. मोठी तफावत आढळल्यास माल उतरवून घेण्यापूर्वींच विचारावें.

आतां कर्जाकडे वळूं. १८ लाख रुपये ९ टक्के व्याजानें २० वर्षांसाठीं घेतले तर मासिक हप्ता सुमारें १६,२०० रुपये येतो, आणि एकूण परतफेड जवळजवळ ३८ लाख ८७ हजारांची होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेला ३० लाखांपर्यंतच्या कर्जांत घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांहून अधिक देतां येत नाहीं. शिवाय १० लाखांवरील घराच्या किमतींत मुद्रांकशुल्क व नोंदणीचा खर्च धरतां येत नाहीं. तो गांठचाच असावा लागतो. कर्जहि एकरकमी हातीं येत नाहीं. एक टप्पा पुरा झाला कीं पुढचा हप्ता मिळतो. म्हणून प्रत्येक टप्प्यापुरती रोकड जवळ हवी.

तर मग हिशेब कसा मांडावा? तो शेवटाकडून मांडावा. समजा, प्लॉट आपला आहे, आणि बचत व कर्ज मिळून ३० लाख रुपये उभे राहतात. त्यांतून ३ लाख अकल्पित खर्चासाठीं बाजूस काढावे व त्यांना हात लावूं नये. दरांत न येणाऱ्या कामांसाठीं आणि पायाच्या जादा खोलीसाठीं साडेचार लाख धरावे. उरले साडेबावीस लाख. दर १,८०० रुपये धरल्यास १,२५० चौरस फूट घर बसतें. सगळे ३० लाख दरानें भागणारा मनुष्य १,६६६ चौरस फुटांचा नकाशा काढतो. मधले चारशे सोळा चौरस फूट म्हणजे दोन-तीन खोल्या. आणि काम बहुधा त्यांच्यापाशींच अडतें.

पैसा कमी पडला तर काटछाट कोठें करावी, हेंहि आधींच ठरवावें. फरशी साधी चालेल, रंग पुढच्या वर्षीं देतां येईल, वरचा मजला मुलांच्या मिळकतीवर सोपवितां येईल. फक्त त्याचें ओझें धरून पाया व खांब आजच घालावे लागतील. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांत मातीच्या जड छपरांखालीं व सुट्या दगडांच्या भिंतींखालीं हजारों माणसें गेलीं. तेव्हांपासून दारा-खिडक्यांवरची काँक्रीटची सलग पट्टी मराठवाड्यांत चैनीची वस्तु राहिली नाहीं. तिच्यांत व पायांत काटकसर करूं नये. कमी करावयाचें तें क्षेत्रफळ, आणि तेंहि नकाशा कागदावर आहे तोंवरच. तेथें एक खोली पुसावयास खोडरबर पुरतें.