गोल्फ कार्ट चार्जिंगला लावताय? आधी सीट उचला

परवा एका रिसॉर्टवर बंद शेडमध्ये गोल्फ कार्ट चार्जिंगला लावलेल्या दिसल्या. खिडक्या बंद, शेजारी एकजण विडी ओढतोय. बॅटऱ्यांचा नाद असलेला माणूस मी, राहवेना.

या गाड्यांत सीटखाली बहुधा पाण्याच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात. 36 व्होल्टच्या गाडीत 6 व्होल्टच्या सहा. चार्जिंग संपत आलं की त्यातलं पाणी फुटून हायड्रोजन सुटतो. हवेत तो 4 टक्के झाला तरी एक ठिणगी पुरते. म्हणून सीट उघडी, दारं-खिडक्या उघड्या, विडी लांब.

डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर घाला. आधी काठोकाठ भरलंत तर चार्ज होताना पातळी चढते आणि ॲसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, तेही त्या बुडण्यापुरतं. नळाचं पाणी नकोच. (बोअरचं तर नावच काढू नका!)

हातातली अंगठी, कडं काढा. पाना दोन टर्मिनलना टेकला तर धातू क्षणात लाल होतो. चष्मा, रबरी हातमोजे हवेतच.

लिथियमवाल्यांनी जुना लेड-ॲसिडचा चार्जर लावू नये.

तुमच्या गाडीत कुठली बॅटरी आहे? काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा.