नदीचं पाणी समुद्रात शिरून किती दिवस झाले? रेडियमला विचारा

मिरजगावच्या भागातून वाहणारी सीना पुढे हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. आता समजा, कृष्णेच्या मुखापासून २७ किलोमीटर दूर समुद्रात तुम्ही बोटीवर आहात. पाण्याचा नमुना घेतलात. त्यात नदीचं पाणी किती, हे क्षारता मोजून कळेल. पण ते पाणी किनारा सोडून किती दिवस झाले? ते क्षारता सांगत नाही. नदीतून आलेली खतं आणि सांडपाणी किनाऱ्यालगत किती दिवस रेंगाळतात, हे मात्र त्यावरच ठरतं.

इथे रेडियम कामाला येतं. खडकात आणि गाळात युरेनियम-थोरियम असतं, त्यांच्या ऱ्हासातून रेडियम तयार होत राहतं. गोड्या पाण्यात ते गाळाच्या कणांना चिकटून बसतं. खारं पाणी लागलं की त्यातले आयन रेडियमची जागा घेतात आणि रेडियम सुटून पाण्यात येतं. म्हणजे बघा, आपलं घड्याळ मिरजगावला सुरू होत नाही, ते खाडीच्या तोंडाशी सुरू होतं. सीनेचा थेंब कोणता आणि भीमेचा कोणता, हे रेडियम सांगणार नाही.

रेडियमची नैसर्गिक समस्थानिकं चार. अर्धायुष्य असं: रेडियम-२२४ चं ३.६६ दिवस, २२३ चं ११.४ दिवस, २२८ चं ५.७५ वर्षं आणि २२६ चं १,६०० वर्षं. पाणी किनाऱ्यापासून दूर गेलं की गाळाशी संबंध तुटतो, नवा पुरवठा थांबतो आणि ऱ्हास तेवढा चालू राहतो.

पण नुसतं २२४ मोजून भागत नाही. ते ऱ्हासाने कमी झालं की समुद्राच्या पाण्यात मिसळून विरळ झालं, कसं ओळखणार? म्हणून २२४ आणि २२३ चं गुणोत्तर घ्यायचं. खुल्या समुद्रात दोन्ही जवळजवळ नसतातच, त्यामुळे मिसळल्याने दोन्ही सारख्याच पटीत विरळ होतात आणि गुणोत्तर बदलत नाही. ते बदलतं फक्त ऱ्हासाने: दर ५.४ दिवसांनी निम्मं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मुखाशी गुणोत्तर १०, तुमच्या नमुन्यात ५. म्हणजे पाण्याचं वय ५.४ दिवस, वेग दिवसाला ५ किलोमीटर. पण मुखाशी खरं गुणोत्तर १२ असेल तर? वय होतं ६.८ दिवस आणि वेग ४ किलोमीटर. समुद्रातलं मोजमाप अचूक असूनही उत्तर चुकलं!

आणि हे सुरुवातीचं गुणोत्तर पुस्तकातून उचलता येत नाही. सीनेकाठचा काळ्या पाषाणाचा गाळ आणि खालच्या ग्रॅनाइटच्या प्रदेशातला गाळ यांत युरेनियम-थोरियमचं प्रमाण एकच असेल असं नाही. वाटेत श्रीशैलम आणि नागार्जुनसागर गाळ अडवतात, ते वेगळंच. शिवाय रेडियम फक्त नदीच आणते असंही नाही. विलार्ड मूर यांना गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी, नदीला पाणी कमी असतानाच, भरपूर रेडियम सापडलं. नदीच्या हिशेबात ते बसेना. १९९७ च्या निबंधात त्यांनी स्रोत सुचवला तो भूजलाचा.

प्रश्न मोठ्या अंतराचा असेल तर घड्याळही मोठं लागतं. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या रेंगराजन, सरीन आणि सहकाऱ्यांनी बंगालच्या उपसागराच्या पश्चिम भागातल्या पृष्ठजलाचं मिश्रण अभ्यासायला २२८ आणि २२६ वापरली (२००२). तिथे २२४ चा उपयोग नव्हता, तीन आठवड्यांत ते दोन टक्क्यांहूनही कमी उरतं. म्हणूनच २२४ चे नमुने थांबत नाहीत. शेकडो लिटर पाणी मँगनीज ऑक्साइड चढवलेल्या धाग्यांतून सोडायचं आणि ते धागे दोन-चार दिवसांत मोजायला घ्यायचे.

तेव्हा संशोधन आराखडा लिहायला बसाल, तेव्हा आधी एवढं ठरवा: माझा प्रश्न दिवसांचा आहे, की वर्षांचा? समस्थानिक त्यावरून निवडा. आणि बोटीचे दिवस कमी पडले, तर समुद्रातला एखादा नमुना सोडा, पण मुखावरचा सोडू नका.