थिजलेल्या इंजिनाला ऊब

सुरतेचा हिवाळा म्हणजे हिवाळ्याचे नुसते नाव. पौषातल्या पहाटे शाल पांघरून तापीकाठी चार पावले टाकली, की आपली थंडी संपते. म्हणूनच लडाखमध्ये नोकरीस असलेल्या मुलाने ‘काल रात्रभर गाडी जागवत होतो’ असे कळवले, तर उधन्यातल्या त्याच्या आईला त्याचा अर्थ लागत नाही.

गाडी जागवावी का लागते, हे समजण्यास डिझेल इंजिनाचा स्वभाव ध्यानी घ्यावा लागतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये यशस्वी करून दाखवलेल्या या यंत्रात ठिणगी नसते. आत ओढलेली हवा पंधरा-वीस पट दाबली जाते, त्या दाबानेच ती पाचशे अंशांपलीकडे तापते आणि तेलाचा फवारा तिच्यात आपोआप पेट घेतो. सारा खेळ उष्णतेचा. लोखंडच गारठलेले असेल तर ते ही उष्णता शोषून घेते आणि फवारा न पेटताच पांढरा धूर होऊन बाहेर पडतो.

आपल्यापैकी ज्यांचे मूळ गाव खानदेशात आहे, त्यांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑईल इंजिन्स हा कारखाना निघाला आणि विहिरीविहिरीवर हँडल मारून सुरू करायची इंजिने आली. माघातल्या पहाटे ते धूड हूं की चूं करीत नसे. मग रॉकेलात भिजवलेला बोळा पेटवून हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी धरायचा, एकाने झडप उचलणारी दांडी सांभाळायची आणि दुसऱ्याने अंगातला सगळा जोर हँडलावर लावायचा. वेग आला की दांडी सोडायची. पेटता बोळा धरण्यात धोका होताच; पण पिकाला पाणी द्यायचे होते.

खानदेशात ही अडचण घटकाभराची. उन्हे वर आली की सुटे. द्रासला ऊनच दुबळे. तेथे पारा उणे २० अंशांखाली उतरणे नवलाचे नाही. अशा वेळी तीन शत्रू एकदम उठतात. वंगणाचे तेल काकवीसारखे घट्ट होते. बॅटरीची ताकद निम्म्यावर येते. आणि डिझेलमधले मेण सुटून गाळणी बुजते. चालक काय करतात? संध्याकाळीच गाडी उतारावर, वाऱ्याला पाठ करून लावतात. बॅटरी काढून बुखारीशेजारी आपल्यासोबत निजवतात. इंजिनावर रजई घालतात. सकाळी खालच्या तेलाच्या भांड्याला स्टोव्हची आच देतात. काही जण ठरावीक अंतराने उठून इंजिन फिरवून घेतात. हेच ते जागवणे. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याची रीत फार जुनी, मात्र ते मेण धरण्याआधी मिसळावे लागते. गाळणी एकदा बुजली की मग टाकीत ओतलेले रॉकेल ती मोकळी करीत नाही. शिवाय रॉकेलात वंगण कमी, त्यामुळे पंप झिजतो.

मला या साऱ्यात सर्वांत मोहक वाटते ती अलास्कातल्या वैमानिकांची युक्ती. मुक्कामास उतरताच ते इंजिनातले कढत तेल डब्यात काढून घेत, रात्री शेगडीजवळ ठेवीत आणि सकाळी गरम करून पुन्हा ओतीत. दुसऱ्या महायुद्धात याहून धाडसी उपाय रूढ झाला. विमानाचे इंजिन बंद करण्याआधी वंगणात थोडे पेट्रोल सोडायचे, म्हणजे ते रात्री घट्ट होत नाही. सकाळी इंजिन तापले की पेट्रोल उडून जाते. १९४१ च्या रशियन हिवाळ्यात जर्मनांना मात्र कित्येक ठिकाणी इंजिनाखाली सरळ आगट्या पेटवाव्या लागल्या.

हौसेने लडाखला गाडी घेऊन जाणाऱ्या आपल्या मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवणे, किंवा काचा लावून केबिनमध्ये कोळशाची शेगडी पेटवणे म्हणजे मृत्यूला बोलावणे होय. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस जागा होत नाही. गाडी सकाळी सुरू झाली नाही तर दिवस जाईल, एवढेच.

नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑईलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले. पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार होणारे हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते, म्हणजे तीन शत्रूंपैकी एक बराचसा आटोक्यात आला. वंगण आणि बॅटरी यांना थंडी अजून पूर्वीइतकीच लागते, आणि बॅटरीला रात्री बुखारीशेजारची जागा द्यावीच लागते.