बाळ कुणाच्या वळणावर?

आमच्या भाचीला पाचवा महिना लागला आणि घरात एक जुनाच वाद नव्याने सुरू झाला. बाळ कुणाच्या वळणावर जाणार? ताईच्या मते नाक आमच्याकडचे येणार, तर तिच्या विहीणबाईंनी रंगावर फोनवरूनच हक्क सांगून ठेवला आहे. भाची मला म्हणाली, "मामा, तू एवढा शिकलेला, तूच सांग." आता मी पडलो मराठीचा प्राध्यापक! गर्भाविषयी माझे शिक्षण सुभद्रेच्या पोटात चक्रव्यूह ऐकणाऱ्या अभिमन्यूपाशी संपते. पण गेली दोन वर्षे या विषयाने मला झपाटले आहे, आणि त्याला कारणही तसेच घडले.

मला मधुमेह आहे. वडिलांकडून मला दोन गोष्टी मिळाल्या, पुस्तकांचे कपाट आणि साखर, असे मी चारचौघांत हसत सांगत असे. वास्तविक माझे वजन अवघे ५८ किलो. गोडाचे वेडही नाही. मग घराण्याला दोष देण्यावाचून दुसरे काय उरते? पण डॉक्टरांनी एक चमत्कारिक प्रश्न विचारला. "तुम्ही जन्मलात तेव्हा वजन किती होतं?"

घरी येऊन आईला विचारले. ती म्हणाली, "पाच पौंडांनाही कमी होतास. उचलायची भीती वाटायची."

झाले! तेव्हापासून मी वाचीत सुटलो. मला जे कळले ते माझ्याच धंद्याच्या भाषेत सांगतो. आईकडून २३ आणि बापाकडून २३ गुणसूत्रे मिळून बाळाची पोथी तयार होते. ती एकदा लिहून झाली की तिच्यातले अक्षर सहसा बदलत नाही. परंतु पोथी नुसती असून भागत नाही, ती वाचावी लागते. कोणता अध्याय मोठ्याने वाचायचा आणि कोणता मिटून ठेवायचा, याच्या रासायनिक खुणा त्या पोथीवर असतात, आणि त्यांतल्या कित्येक खुणा गर्भ पोटात असतानाच होतात. वारेतून आणि नाळेतून जे येते, किंवा जे येत नाही, त्याचा हात त्यात असतो.

याचा दाखला हॉलंडात आहे, आणि तो अंगावर काटा आणणारा आहे. १९४४ च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा तोडला. माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली घसरला. लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. मे १९४५ मध्ये सुटका झाली आणि पुन्हा पोटभर अन्न मिळू लागले. पण त्या महिन्यांत ज्या बायका गरोदर होत्या, त्यांच्या मुलांच्या जन्माच्या नोंदी डच सुइणींनी आणि इस्पितळांनी जपून ठेवल्या होत्या. ती मुले पन्नाशीला आल्यावर तपासणी झाली. जी पोटातल्या मधल्या वा शेवटच्या महिन्यांत उपाशी राहिली, त्यांच्या शरीराला साखर नीट आवरता येत नव्हती. ज्यांना पहिल्या महिन्यांत उपास घडला, ती जन्मली चांगल्या वजनाची, पण पुढे त्यांच्यात हृदयविकार अधिक दिसला. २००८ साली तर असे प्रसिद्ध झाले की, दुष्काळात गर्भ राहिलेल्यांच्या एका वाढीच्या जनुकावरच्या खुणा त्यांच्या सख्ख्या भावंडांहून वेगळ्या आहेत, आणि त्याही साठ वर्षांनंतर! खुणा सापडल्या म्हणजे रोगाचे कारण सापडले असे नव्हे, हे खरे. पण सहा महिन्यांच्या भुकेची आठवण शरीर साठ वर्षे ठेवते, हे काय थोडे झाले?

आणि हॉलंड तरी कशाला हवे? आपले पुणे आहे की! येथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर बायकांचा अभ्यास केला. तेथील बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातील साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे हाडामांसाने किरकोळ, पण कातडीखालची चरबी मात्र त्यांनी जवळजवळ तेवढीच राखलेली. दिसायला बारीक आणि आतून जाड! डॉ. याज्ञिकांनी स्वतःलाही सोडले नाही. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि त्यांच्या एका इंग्रज डॉक्टरमित्राचे छायाचित्र छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. अंगातली चरबी मात्र साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या माणसाची २१.२ टक्के. ते वाचून मी माझ्या ५८ किलोंकडे नव्या नजरेने पाहू लागलो.

गृहिणींनी लक्षात ठेवावे असे त्याच अभ्यासात आणखी आहे. बाळाच्या वजनाचा मेळ आईने एकूण किती खाल्ले याच्याशी फारसा बसेना. तो बसला पालेभाजी, फळे आणि दूध यांच्याशी. म्हणजे "दोन जिवांची आहेस, दोघांचं खा" असे म्हणत तुपाची धार धरणाऱ्या आमच्या ताईने जरा दमाने घ्यावे. शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव असते, तीही डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या दिवस राहण्याआधीपासून हव्यात. कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी २८ व्या दिवसाच्या सुमारास मिटते, तेव्हा पुष्कळ बायकांना आपल्याला दिवस गेल्याची खात्रीही नसते.

हे सारे मी एका रात्री जेवणानंतर मोठ्या उत्साहाने सांगत होतो. वर्गात शिकवतो तसाच. आई सुपारी कातरीत बसली होती. तिचा अडकित्ता थांबला.

"म्हणजे तुझी साखर माझ्यामुळं होय रे?"

मी गप्पच झालो. इतकी पाने वाचली, पण हा प्रश्न कोणी विचारील असे मला एकदाही वाटले नव्हते. घाईघाईने म्हणालो, "तसं नाही गं. आप्पांचं रक्त आहे, माझं बैठं काम आहे, एका गोष्टीनं काही होत नाही." ते खोटे नव्हतेच. पण तिचे समाधान झाले नाही. ती सांगू लागली. साताऱ्याकडचे आमचे एकत्र कुटुंब, रोज पंधरा पाने. आधी पुरुष, मग मुले, मग सासूबाई आणि जावा, आणि सगळ्यांत शेवटी धाकटी सून. तोवर पातेल्यात भाजीचा नुसता रस्सा उरे. दूध घरचे होते, पण ते पुरुषांच्या वाटीला. माझ्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत ती विहिरीचे पाणी शेंदीत होती. "मागायची पद्धत नव्हती," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, चालरीत सांगावी तसे.

मी म्हणालो, "आई, मग चूक तुझी कशी? वाढणाऱ्यांची."

"वाढायला मीच असायचे रे," ती म्हणाली आणि पुन्हा सुपारी कातरू लागली.

ताईचे घर दोन गल्ल्या पलीकडे आहे, पण भाची हल्ली जेवायला आमच्याकडे येते. गेल्या रविवारी मेथीची भाजी होती. मी नेहमीच्या सवयीने पहिल्या पाटावर जाऊन बसलो. आईने ताट वाढले, वाटीभर दही ठेवले आणि ते ताट माझ्यासमोरून उचलून भाचीपुढे सरकवले.

"तू थांब जरा," ती मला म्हणाली, "तिचं होऊ दे आधी."